सीताफळाच्या बियांची डिव्हिजन

दसरा झाला की चिक्कडपल्लीच्या रस्त्यावर सीताफळांच्या टोपल्या येतात. महबूबनगरकडच्या रानातून बायका येतात, फुटपाथवर पाचोळा पसरतात आणि त्यावर फळं मांडतात. एखादं मुद्दाम फोडून ठेवलेलं असतं, आतला पांढरा गर दाखवायला. "तीसुको अम्मा, चाला तिय्यगा उंटाय," म्हणतात. मी म्हणते, गोड असतील गं बाई, पण कच्ची किती घातलीस ते घरी गेल्यावरच कळणार. दरवर्षी हेच भांडण, दरवर्षी मीच हरते आणि पिशवी भरून आणते. गंमत म्हणजे मला सीताफळ आवडत नाही. कधीच आवडलं नाही. खायचं कमी आणि थुंकायचं जास्त, असलं कसलं मेलं फळ!

माझी नात ईशा मात्र सीताफळावर तुटून पडते. डाव्या हातात मोबाइल, उजव्या हातात फळ, आणि वाटीत बिया टाकत राहते, टक् टक् टक्. तिच्या मराठीबद्दल काय सांगावं! बोलता येतं, म्हणजे तिच्या मते येतं. वाचायला दिलं की दुकानाची पाटी वाचावी तशी एकेक अक्षर लावत बसते आणि दोन ओळींत दमते. "अज्जी, तूच वाच ना, मैं सुनती." मी वाचते. तिसऱ्या ओळीला ती उठून गेलेली असते. माझ्यासमोर उरते ती बियांची वाटी. काळ्या, गुळगुळीत, ओल्या बिया. त्यांच्याकडे पाहिलं की माझा अख्खा दिवस नासतो, आणि तरी मी त्या लगेच फेकत नाही.

ते वर्ष हैदराबाद राज्य मोडण्याचं होतं. मी बारा वर्षांची, सातवीत. अंबरपेठेत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात शेजारच्या खालांच्या कोंबड्या. खाला म्हणजे घरमालकीण, पण मालकिणीसारख्या कधी वागल्या नाहीत. घरात दादा म्हणजे माझे वडील, माय, धाकटा बबन, त्याच्याहून धाकटी कुसुम, मी आणि दादांचे थोरले भाऊ आप्पा. गाव आमचं परभणीकडं, पण शेत वाटण्यांत चुरमुऱ्याएवढं झालेलं, म्हणून दादा हैदराबादेत सरकारी कचेरीत कारकून झाले होते. आता तेलुगू मुलूख इकडं राहणार, कानडी तिकडं जाणार, मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, आणि मराठी कारकुनांनी मराठवाड्यामागं जायचं. दादांना औरंगाबाद मिळालं होतं.

दादा रोज कचेरीतून आले की वाटणीच्या बातम्या सांगत. कपाटांवर खडूनं खुणा झाल्या, तांबडी खूण इकडची, पांढरी तिकडची. भिंतीवरच्या घड्याळासाठी दोन साहेब हमरीतुमरीवर आले. पाण्याचा रांजण कानड्यांना गेला तर त्याचं झाकण कुणाकडं, ह्यावर अर्धा दिवस खल झाला. माय हसायची. मग एकाएकी हसू आवरून म्हणायची, "अन् आपलं सामान कवा बांधायचं?" गल्लीतून जाताना कुणीही विचारायचं, "आप लोगां भी जारे क्या?" जारे, म्हणायचं. जाणं ठरलं होतं. त्या दिवसांत सगळं शहरच कुणीतरी अर्धवट सोडलेल्या जेवणासारखं दिसायचं.

आप्पा महायुद्धात लढून आले होते. लढून आले म्हणावं की नाही, ते पुढं सांगते. निजामाच्या मुलखातून पळून, सोलापूरला जाऊन ते मराठ्यांच्या पलटणीत भरती झाले होते, घरी न सांगता, शेतातलं औत तसंच सोडून. दादा म्हणायचे, आप्पांनी जन्मात एकच धाडस केलं आणि तेही बैलं उन्हात ठेवून. परत आले तेव्हा हुद्दा हवालदाराचा, एक ट्रंक, आणि जेवताना पाठ भिंतीला लावून बसायची सवय. लग्न केलं नाही. का नाही केलं विचारलं की म्हणायचे, "सुट्टी मंजूर झाली नाही." अफझलगंजात एका आडत दुकानावर राखणदारी करायचे.

मायला आम्हा पोरींच्या डोक्यातल्या उवांचा भारी राग. सीताफळाच्या मोसमात ती बिया धुऊन अंगणात सुपात वाळत घालायची, मग कुटून त्याची पूड डोक्याला. "डोळ्यात जाऊ देऊ नको गं, आंधळी होशील," हे त्या औषधाबरोबर यायचंच. एका दुपारी आप्पा सुपाशी बसले आणि बोटानं एकेक बी बाजूला ओढायला लागले.

"काय करायलाव आप्पा?"

"ये, बस इथं. ह्या दहा. हा एक सेक्शन. दहा माणसं, त्यांच्यावर एक नाईक, एक ब्रेनगन. असे तीन सेक्शन म्हणजे प्लाटून. तीन प्लाटून म्हणजे कंपनी. चार कंपन्या अन् वरचा बारदाना मिळून पलटण. तीन पलटणींची ब्रिगेड अन् तीन ब्रिगेडींची डिव्हिजन."

पहिली कंपनी मांडता मांडता सूप अर्धं रिकामं झालं. मी म्हटलं, बिया पुरायच्या नाहीत. "अख्ख्या हैदराबादनं सीताफळं खाल्ली तरी पुरायच्या नाहीत," आप्पा म्हणाले, "सतरा-अठरा हजार माणूस असतं." मग त्यांनी सगळ्या बिया गोळा केल्या आणि पुन्हा मांडायला घेतलं. आता एक बी म्हणजे एक पलटण. आत्ताच जी एक माणूस होती ती बी आठशे माणसं झाली. मला त्याचं इतकं नवल वाटलं की मी ती उचलून जवळून बघितली. आप्पांनी चटकन हातातून काढून घेऊन जागेवर ठेवली.

नऊ बिया, तीन-तीनच्या तीन ओळी. त्यांच्यामागं चिंचोके, त्या तोफा. काड्यापेटीतल्या काड्या म्हणजे सफरमैना, पूल बांधणारे आणि सुरुंग काढणारे. मायच्या रिळातला दोरा ओढून त्यांनी ह्या बीपासून त्या बीपर्यंत तार टाकली, सिग्नलवाल्यांची. जोंधळ्याचे दाणे म्हणजे खेचरं. इटलीच्या डोंगरात चिखल इतका की मोटारी रुतायच्या आणि खेचरंच भाकरी वर न्यायची. प्रत्येक ब्रिगेडीमागं हळदीची चिमूट, तो दवाखाना. त्याच्यामागं धोबी, न्हावी, भिश्ती, चांभार, टपालवाले. "एका बंदुकीमागं किती हात असतात बघ," आप्पा म्हणाले. मायनं हळदीचा डबा उघडा पाहिला आणि आतून ओरडली, "भावजी, लढाई करायची तर तुमच्या पगारातली हळद घ्या!" आप्पा आपल्याच तंद्रीत होते.

त्या मांडणीतली एक गोष्ट मला अजून विसरता येत नाही. आप्पा म्हणाले, "डिव्हिजनमधे बेवारस कुणी नसतो सुमे. धुमश्चक्रीत वाट चुकलेला शिपाई मागं आला तर रस्त्यावर लष्करी पोलीस उभा असतो. तो विचारतो, पलटण कोणती, कंपनी कोणती. अन् बोट करतो, तिकडं तुझी माणसं आहेत, जा." मी बारा वर्षांची होते, आमचं सामान अर्धं बांधलेलं होतं, आणि मला वाटलं, जगात याहून चांगली जागा कुठली असणार!

राज्याच्या वाटणीवर मात्र आप्पांचा भयंकर राग. "ह्यांना तोडताबी येईना," म्हणायचे. "डिव्हिजनची एक ब्रिगेड दुसरीकडं द्यायची तर तिच्या तोफा, तिचा दवाखाना, तिची खेचरं, सगळं तिच्यासंगं जातं. तुकडासुद्धा पुरा असतो. ह्यांनी माणसं तिकडं पाठवली, टेबलं इकडं ठेवली." दादा म्हणायचे, "आप्पा, घड्याळ आम्हाला मिळालं." "चालतंय का?" "नाही." दोघंही हसायचे. दादा हसताना फार तरुण दिसायचे, हे मला आत्ता लिहिताना आठवलं.

मग एके दिवशी मागच्या माणसांची गोष्ट निघाली. नऊ बियांमधून आप्पांनी एक बी उचलली, ती म्हणे आता पलटण नव्हे, एक कंपनी. तिच्या शेजारी अगदी बारकी, वाकडी बी ठेवली. "ही मागची माणसं. साहेबलोकांचा इंग्रजी शब्द होता, आम्ही मागची माणसंच म्हणायचो. मोठा हल्ला असला की सगळी कंपनी पुढं पाठवत नाहीत. एखादा धाकला साहेब, एखादा जमादार, काही पक्के हवालदार-नाईक मागं काढून ठेवतात, खेचरांपाशी, लंगरापाशी. कंपनी सगळी कापली गेली तर ह्या मागच्यांवरनं पुन्हा उभी करायची. आपण बियाण्याला जोंधळा राखून ठेवतो ना? उपास पडले तरी त्याला हात लावत नाही. तसं."

"तुम्ही होताव त्यात?"

"होतो."

इटलीत एक नदी होती. आपल्या मुसीपेक्षा मोठी नाही, पण दोन्ही काठांना तळ्याच्या बांधासारखे उंच बांध, आणि पलीकडच्या बांधाच्या पोटात जर्मन. सुभेदारानं नावं वाचली, त्यात आप्पांचं. बाकीची कंपनी अंधारात निघाली तेव्हा जाताना काहींनी आपापली घड्याळं, अंगठ्या आप्पांच्या हातात दिल्या. सकाळी जे परत आले त्यांना एकाच मोटारीत बसवता आलं. पुढं नव्या पोरांची कुमक आली आणि आप्पांवरनं कंपनी पुन्हा उभी राहिली. हे सांगताना त्यांची मान ताठ होती. मला वाटलं, माझे काका म्हणजे राखून ठेवलेलं बियाणं. मला त्यांचा असा अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी शाळेत मी ते सगळ्या वर्गाला सांगितलं.

निघायला थोडे दिवस राहिले तेव्हा दादांनी जेवताना सांगून टाकलं. औरंगाबादेत ओळखीच्या माणसाच्या घरी एकच खोली मिळत होती. सुमनचं सातवीचं वर्ष, शाळा मधेच सोडली तर परीक्षा बुडेल. ती इथं खालांच्या नजरेखाली राहील. मार्चमधे परीक्षा झाली की नेतो. माय कुसुमला भरवत राहिली. मी मात्र खूष! मला कळलंच होतं मुळी. मला मागं ठेवणार होते. पक्का माणूस म्हणून. तिकडं त्यांचं काही बरंवाईट झालं तर माझ्यावरनं घर पुन्हा उभं करायचं. मी आप्पांकडं पाहिलं, शाबासकीसाठी.

आप्पांनी ताट सरकवलं.

"पोरीला मागं ठेवू नको," ते दादांना म्हणाले.

"अहो, तुम्हीच तर तिला..."

"ते गोष्टीतलं झालं. मागं ठेवलेल्याचं काय होतं ते मला विचार. नवी पोरं आली, गुणाची होती. मी त्यांना मेलेल्यांच्या नावांनी हाका मारायचो. नाव कंपनीचं तेच, हजेरीचा आवाज निराळा. पुढच्या हल्ल्याला परत मलाच मागं ठेवलं, कारण आता जुना म्हणून मीच उरलो होतो. तीबी पोरं गेली. दोनदा माझ्यावरनं कंपनी उभी केली, अन् लढाई संपल्यावर कंपनीच मोडली. मला म्हणाले, जा घरी. माझ्या वाट्याची गोळी मी अजून हुडकतोय."

"आप्पा, ही काय लढाई आहे? सहा महिन्यांचा तर प्रश्न."

"आमचा एका रात्रीचा होता," आप्पा म्हणाले.

दादा वाईट माणूस नव्हते. एका खोलीत सहा माणसं मावत नाहीत, हे गणित त्यांच्यापुढं होतं आणि ते खरं होतं. आप्पांची ट्रंक घरात सगळ्यात आधी बांधून झाली होती, वर दोरी, दोरीला गाठ. ह्या खेपेला सगळ्यांबरोबर पुढं जायचं म्हणून ते महिनाभर आधीच तयार होते. ते उठले, ट्रंकेपाशी बसले आणि गाठ सोडायला लागले. गाठ घट्ट बसली होती, दात लावावे लागले.

"मग मी थांबतो हिच्यापाशी," ते म्हणाले. असे ते तिसऱ्यांदा मागे राहिले, आणि ह्या वेळी आपणहून.

काचीगुड्याच्या स्टेशनात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं मराठी हैदराबाद मनमाडच्या गाडीत चढत होतं आणि उरलेलं निम्मं निरोप द्यायला आलं होतं. खालांनी टोपलीभर सीताफळं दिली होती, पिकायला आलेली, डोळे उघडलेली. माय खिडकीतून सांगत होती, केस रोज विंचर, खालाला त्रास देऊ नको, चिमणीची काच पुसताना हात कापून घेऊ नको. चिमणी पुसायचं काम माझं होतं, मायच्या शेजारी झोपायचा हक्क माझा होता, बबनला शाळेत पोचवायचं माझ्याकडं होतं. ही सगळी कामं आता कोण करणार, असं मी विचारलं. "येशीलच की मार्चात," माय म्हणाली. गाडी हलली तेव्हा टोपलीतलं एक फळ घरंगळून फलाटावर पडलं आणि फुटलं. मी रडले नाही. मागची माणसं रडत नसतात, असं मला वाटत होतं.

रडले ती घरी येऊन. खाला पदराखाली घेऊन म्हणाल्या, "नक्को रो मां, आजाते तेरे लोगां. इम्तेहान हुआ के आके ले जाते."

आप्पांनी त्याच संध्याकाळी हजेरी सुरू केली. दिवेलागणीला अंगणात उभं राहायचं, ताठ. आप्पा नावं पुकारायचे. दादा? मी म्हणायची, कामगिरीवर. माय? कामगिरीवर. बबन? कामगिरीवर. कुसुम? कामगिरीवर. सुमन? हजर! मग मी पुकारायची, आप्पा? ते टाच टाचेला मारून म्हणायचे, हजर. कोंबड्या पायात घोटाळायच्या. खाला भिंतीवरून बघायच्या आणि म्हणायच्या, "क्या नाटक है जी चचा-भतीजी का!" सुरुवातीला मला हसू यायचं. पुढं पुढं आवाज चढवून म्हणायला लागले, जणू कामगिरीवरच्यांना ऐकू जावं. हिवाळा तसा गेला.

मार्च आला. परीक्षा झाली, पास झाले. दादांनी कळवलं, अजून जागा मिळाली नाही, पण सुट्टीत या. मे महिन्यात मी आणि आप्पा औरंगाबादला गेलो. तोवर जागा दोन खोल्यांची झाली होती. चिमणीची काच कुसुम पुसत होती, माझ्यापेक्षा लख्ख. बबन एकटा शाळेत जात होता. रात्री मायच्या कुशीला कुसुम झोपली, झोपेतच तिनं मला पायानं ढकललं. मी हैदराबादी सवयीनं 'हौ' म्हटलं, 'नक्को' म्हटलं की शेजारची पोरं फिदीफिदी हसायची, आणि बबनही हसायचा. ह्यातलं काहीच मोठं नव्हतं. पहिल्याच दिवशी जेवताना मायनं पाट मांडले. दादांचा, बबनचा, कुसुमचा, पाहुणे म्हणून आप्पांचा. मी उभीच होते. मग ती म्हणाली, "अगं बाई माझे!" आणि हसत हसत उठून पाचवा पाट आणायला गेली. पाट नव्हताच पाचवा. पोत्याची घडी घालून दिली. मी जेवले. वांग्याचं भरीत होतं, मायच्या हातचं, आणि त्याला कसलीही चव नव्हती.

जूनमधे मला पुन्हा हैदराबाद. अजून एकच वर्ष काढ, तिथली शाळा चांगली, इथं मधेच कुठं घालायचं. गाडीत बराच वेळ आप्पा खिडकीबाहेर बघत होते. परभणी गेल्यावर म्हणाले, "माय वाईट नाही तुझी."

"माहितीय."

"तुला एक सांगायचं राहिलं होतं. मागच्या माणसाचं काम कवा पडतं? पुढची मेली तर. पुढची सुखरूप पोचली, त्यांचं नीट बसलं, तर मागच्याची गरजच पडत नसते. सैन्यात निदान पुढची परत येऊन भेटतात."

म्हणजे माझ्या घराला माझी गरज पडायची असेल तर माझ्या घराचं वाटोळं व्हायला हवं होतं. बारा-तेरा वर्षांच्या पोरीला हे कळावं इतकं स्पष्ट आप्पांनी सांगितलं, आणि मला ते कळलं. त्यांचं चांगलं चाललं होतं. देव करो आणि चांगलंच चालो, असं मी म्हणायची आणि उशीत तोंड खुपसायची.

त्यानंतर दरवर्षी मार्च आला आणि गेला. दादांची बदली पुण्याला झाली, मग मुंबईला. दरवेळी जागा लहान, शहर मोठं. आधी म्हणाले मॅट्रिक होऊ दे, मग म्हणाले नोकरी लागलीच आहे तर कशाला सोडतेस, मग म्हणाले स्थळ हैदराबादचंच चांगलं आहे. माझं लग्न लावायला सगळे आले, पाहुण्यांसारखे वेळेवर आले आणि वेळेवर गेले. कुणाचंच चुकलं नाही. चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मी काही उपाशी राहिले नाही, शिकले, टेलिफोनच्या कचेरीत नोकरी केली, संसार केला. फक्त आत कुठंतरी ट्रंक बांधून बसलेली एक पोर होती आणि ती काही शेवटपर्यंत उठली नाही. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. कसलं बोडक्याचं औषध! काळ म्हणजे नुसती सवय.

आप्पा वारले ते माझ्याच घरी, इथं चिक्कडपल्लीत, ह्याच सीताफळाच्या दिवसांत. शेवटचे दोन दिवस ते हजेरी घेत होते. मला वाटलं, आमची हजेरी. मी उशाशी बसून कान लावला. पण नावं निराळीच होती, कुठल्यातरी गणपतची, धोंडीबाची, तुकारामाची, पहिल्या कंपनीतली. प्रत्येक नावापाशी थांबायचे, उत्तराची वाट बघायचे, आणि पुढं जायचे. मी माझ्या नावाची वाट बघत राहिले. ते काही आलं नाही. माझ्यासाठी हा माणूस तिसऱ्यांदा मागे राहिला होता, जन्मभर मागे राहिला होता, आणि तरी त्याची माणसं ती, मी नव्हे. रागवावं कुणावर? शेवटी ज्याला त्याला आपलीच कंपनी हवी असते.

ह्या शहराची वाटणी मी पुन्हा एकदा पाहिली. आता तेलुगूंचीच दोन राज्यं झाली. माझी सून कचेरीतून येऊन सांगायची, कुणाला इकडचं मिळालं, कुणाला तिकडचं, नवराबायकोसुद्धा दोन राज्यांत. मी विचारलं, घड्याळ कुणाला गेलं? तिला कळलं नाही. ती म्हणाली, अत्तय्या, तुम्हाला काहीही सुचतं. आप्पा असते तर म्हणाले असते, ह्यांना अजून तोडता येईना.

दादा गेले, माय गेली, बबन गेला. गेल्या महिन्यात मुंबईला कुसुम गेली. तिच्या मुलाचा फोन आला, निम्मा इंग्रजीत. मी फोन ठेवला आणि भाजी चिरायला बसले. चिरता चिरता लक्षात आलं, आता पुढं गेलेल्यांपैकी कुणीही उरलं नाही. सगळी कंपनी कापली गेली. आप्पांच्या नियमानं आता माझं काम सुरू. माझ्यावरनं घर पुन्हा उभं करायचं. ह्यासाठीच तर मला राखून ठेवलं होतं, सातवीच्या वर्षी, पक्का माणूस म्हणून. पण उभं करायचं ते कुणाला घेऊन? भरती कुठाय? बियाणं राखून ठेवलं खरं, शेत कधीच विकून झालं.

काल संध्याकाळी ईशाच्या वाटीतल्या बिया धुऊन मी बाल्कनीच्या फरशीवर मांडल्या. दहाचा सेक्शन, मग दुसरा, मग तिसरा. गुडघे बोलत होते. ईशा आली, बसली चक्क. "अज्जी, व्हॉट इज दिस? गेम आहे?" मी म्हटलं, हो. हे दहा लोक, ह्यांचा एक नाईक. तिनं एक बी उचलून जवळून बघितली. मी चटकन तिच्या हातातून काढून जागेवर ठेवली. प्लाटूनपर्यंत पोचलो आम्ही. मग तिचा मोबाइल वाजला आणि ती कठड्याला टेकून मैत्रिणीशी बोलत उभी राहिली.

दिवे लागत होते. खाली चौकात सीताफळवाल्या बायका टोपल्या आवरत होत्या. मी कठड्याला धरून उठले आणि हळूच पुकारलं. दादा? कामगिरीवर. माय? कामगिरीवर. बबन? कामगिरीवर. कुसुम? तिथं जरा अडखळले. कामगिरीवर. आप्पा? कामगिरीवर. सुमन?

ईशानं मोबाइल कानापासून दूर केला. "अज्जी, किसको बुलारी? हे सगळे कोण आहेत? कब आरे?"

"परीक्षा झाली की," मी म्हटलं, आणि खाली वाकून बिया सुपलीत भरायला घेतल्या.